अस्सल आणि घडवलेले

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी उपासना आटोपल्यावर एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. बंगळुरूत आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची उपासना महिन्यातून एकदाच होते. माणसे दोन-दोन बसगाड्या बदलून येतात आणि एकदा आली की चहाच्या निमित्ताने बराच वेळ रेंगाळतात. "अंकल, माझा बायो-डाटा एकदा नजरेखालून घालाल का? आणि जमल्यास एक शिफारसपत्रही हवे होते," तो म्हणाला. मुलगा चांगला परिचयाचा. वडील रेल्वेत होते. तीन वर्षांपूर्वी दीर्घ आजाराने वारले.

कागद हाती घेतला आणि क्षणभर तो कोणा दुसऱ्याचाच असावा असे मला वाटले. नेतृत्वगुण, ध्येयनिष्ठा, चार भाषांवर प्रभुत्व असे बरेच काही त्यात होते. वडिलांच्या आजारपणात त्याचे शिक्षण एक वर्ष सुटले होते. ते वर्ष तारखांच्या चतुर मांडणीत बेमालूम नाहीसे झाले होते. चौकशी करता कळले की, व्यक्तिमत्त्व-विकासाच्या एका वर्गाला तो तीन महिने जात होता. तेथील शिकवण अशी की, आजच्या काळात केवळ कामाच्या बळावर नोकरी मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही आणि टिकली तरी बढती मिळत नाही. त्यासाठी प्रत्येकाने स्वतःची प्रतिमा घडवावी लागते. लिंक्डइनवर, मुलाखतीत आणि कचेरीत ती एकसारखी दिसली पाहिजे. मुख्य म्हणजे, ती अस्सल असली पाहिजे.

या शेवटच्या शब्दापाशी मी थबकलो. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाची ही खोड आहे, वाचकांनी ती पोटात घालावी. 'अस्सल' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. कचेरीच्या दप्तरात त्याची जोडी 'नक्कल' या शब्दाशी. ज्या कागदावरून इतर कागद उतरवले जातात, तो अस्सल. इतिहासाचा संशोधक अस्सल कागद शोधतो, तपासतो, जपतो; पण कोणी 'मी एक अस्सल कागद घडवला' असे म्हणाला, तर त्या वाक्याचा अर्थ एवढाच होतो की कागद बनावट आहे. दुसरा शब्द 'प्रतिमा'. त्यातील 'मा' हा धातू मोजण्याचा आहे. कशाच्या तरी मापाने मोजून केलेली वस्तू ती प्रतिमा. म्हणजे प्रतिमा म्हटली की माप कोणाचे, हा प्रश्न तिच्या पोटातच असतो. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा निर्माण झाला असे सांगताना हिब्रूत जो 'सेलेम' हा शब्द आला आहे, तोच शब्द जुन्या करारात अन्यत्र फोडून टाकावयाच्या मूर्तींसाठीही येतो. एकाच शब्दात माणसाचा सर्वोच्च सन्मान आणि त्याच्या हातून घडणारी सर्वात मोठी फसगत, अशी दोन्ही टोके सामावली आहेत.

हे सारे त्या तरुणाला सांगून एक लहानसे प्रवचन झोडण्याचा मोह मला झाला होता. परंतु 'चार भाषांवर प्रभुत्व' या शब्दांनी माझे तोंड बंद केले. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

मी तिशीत असताना भाषांतराच्या एका कामासाठी अर्ज केला होता. अर्जात 'हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवर प्रभुत्व' असे मी लिहिले. ग्रीकच्या बाबतीत ते फार खोटे नव्हते. हिब्रू मात्र मी पदव्युत्तर परीक्षेपुरती शिकलो होतो, आणि परीक्षेनंतर ती जशी जाते तशी ती गेली होती. मला घेतले गेले, आणि ज्या गटात घातले त्याच्याकडे ईयोबाचे पुस्तक होते. ज्यांनी ते मुळातून वाचण्याचा यत्न केला आहे त्यांना माझी अवस्था कळेल. जुन्या करारात एकदाच येणाऱ्या शब्दांची त्या पुस्तकात नुसती दाटी आहे. मी रात्री चार इंग्रजी भाषांतरे आणि दोन भाष्यग्रंथ उघडून बसे, आणि सकाळी मुळातून आल्याच्या आविर्भावाने बोले. असे सुमारे अकरा महिने चालले. त्या अकरा महिन्यांत मी एकही प्रश्न विचारला नाही. ज्याचे प्रभुत्व आहे त्याने विचारावयाचे कसे?

अठ्ठावीसाव्या अध्यायात खाणकामाचे वर्णन आहे. पृथ्वीच्या पोटात, माणसांच्या वस्तीपासून दूर, लोंबकळत झोके खाणारे खाणकरी तेथे दिसतात. त्या चौथ्या वचनाचा पूर्वार्ध अतिशय दुर्बोध आहे. आमच्या गटातील एका वृद्ध पाळकांनी मला त्याचा अर्थ विचारला. आदल्या रात्री वाचलेला अर्थ मी ठामपणे सांगितला. ते शांतपणे म्हणाले, "मला तीस वर्षांत तो उलगडला नाही. तुम्हाला उलगडला, आनंद आहे." त्यात उपरोध नव्हता, आणि हेच मला सहन झाले नाही. त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर गेलो आणि काय ते सांगून टाकले. त्यांनी चष्मा पुसला. "उद्या सकाळी सहाला या," ते म्हणाले, "मुळाक्षरांपासून धरू." आम्ही खरोखरच मुळाक्षरांपासून धरले. साहेब आज हयात नाहीत. मला जी काही हिब्रू येते ती त्यांची आहे.

खोट्या प्रतिमेबद्दल आपण बहुधा असे बोलतो की, ती एक दिवस उघडी पडते. ते नेहमीच खरे नसते. पुष्कळ प्रतिमा आयुष्यभर उघड्या पडत नाहीत, त्यांच्या श्रद्धांजलीच्या सभाही थाटात होतात. माझा अनुभव वेगळा आहे. ती उघडी पडली नाही तरी तिची शिक्षा पहिल्या दिवसापासून सुरू झालेली असते, कारण ती माणसाला विचारू देत नाही. जे मला येते असे मी सांगून बसलो, ते शिकण्याची वाट मी स्वतःच बुजवली. ज्या मदतीची गरज होती ती मागण्याचा हक्क मी गमावला. याच्या उलट पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८७८ साली कलकत्त्यात विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या त्यांना दिल्या. स्त्रीला त्या काळी अशी पदवी मिळणे ही केवढी प्रतिमा! परंतु बायबलचे भाषांतर करावयाचे मनात आल्यावर केडगावला त्याच पंडिता हिब्रू आणि ग्रीक व्याकरणे घेऊन विद्यार्थिनीसारख्या बसल्या. १९२२ च्या एप्रिलात त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये त्यांचे भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्या भाषांतरातील काही निर्णयांशी माझा मतभेद आहे, परंतु तो या ठिकाणी महत्त्वाचा नाही. पदवीने त्यांना बाकावर बसण्यापासून रोखले नाही, हे महत्त्वाचे.

प्रेषितांच्या कृत्यांत या विषयावरची एक कथा आहे, आणि ती आपण निम्मीच वाचतो असे मला वाटते. चौथ्या अध्यायाच्या शेवटी कुप्र बेटाचा योसेफ नावाचा एक लेवी आपले शेत विकून पैसा प्रेषितांच्या चरणांशी ठेवतो. प्रेषितांनी त्याला बर्णबा, म्हणजे धीर देणारा, हे नाव दिले आहे. नंतर पाचवा अध्याय सुरू होतो आणि हनन्या व सप्पीरा येतात. अध्यायांची ही विभागणी लूकाने केलेली नाही. ती तेराव्या शतकाच्या आरंभीची असून स्टीफन लँग्टन यांच्या नावे सांगितली जाते. ग्रीकमध्ये कथा सलग आहे आणि हनन्याचे वाक्य 'पण'च्या अर्थाच्या अव्ययाने मागच्याला जोडलेले आहे. शेत विकणे तेच, चरणांशी ठेवणे तेच, शब्दही तेच. हनन्याला बर्णबाचे औदार्य नको होते. त्याला बर्णबाचे नाव हवे होते, आणि ते जरा स्वस्तात पडावे अशी त्याची इच्छा होती.

पेत्र त्याला काय सांगतो हे लक्षपूर्वक वाचावे. शेत तुझेच होते, विकल्यावर पैसाही तुझ्याच हाती होता, असे तो म्हणतो. म्हणजे अर्धा पैसा ठेवून घेण्यात अपराध नव्हता. "मी अर्धा दिला आहे," एवढे म्हटले असते तर मंडळीने आभार मानून तो घेतला असता. किंमत ठेवून घेण्यासाठी लूकाने वापरलेले ग्रीक क्रियापदही सूचक आहे. यरीहोच्या लुटीतून आखानाने जे लपवले, त्यासाठी यहोशवाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हेच क्रियापद आले आहे. आखानाने सोने लपवले. हनन्याने स्वतःची मर्यादा लपवली. त्याला देवाने दिलेली शिक्षा मला आजही जड वाटते, आणि ती वाचताना माझ्या अर्जातील ती ओळ मला आठवते.

मग प्रतिमेचा विचारच ख्रिस्ती माणसाने सोडून द्यावा काय? तसे म्हणणे सोपे आहे, आणि आपल्या मंडळ्यांत तसे म्हणणारे पुष्कळ आहेत. साक्षीच्या सभेत 'मी तर धूळ आहे' असे सांगणाऱ्याला दुसऱ्या कोणी धूळ म्हणून पाहावे, म्हणजे कळते! नम्रतेचीही प्रतिमा घडवता येते आणि ती सर्वांत टिकाऊ असते. पौलाने असा सोवळेपणा केलेला नाही. यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेला पैसा नेताना त्याने सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून. केवळ प्रभूच्या दृष्टीने नव्हे, तर माणसांच्या दृष्टीनेही जे चांगले ते आपण पाहतो, असे त्याने करिंथकरांना कळवले. लोकांच्या नजरेत आपले काम कसे दिसते याची ही काळजी ढोंग नव्हे; दुसऱ्याच्या विश्वासाची ती राखण आहे. नोकरी देणारालाही असा विश्वास लागतो, आणि तो मागण्याचा त्याला अधिकार आहे.

परंतु त्याच पत्राच्या उत्तरार्धात पौलाची पंचाईत झालेली दिसते. करिंथात त्याच्यापेक्षा प्रभावी वक्ते आले होते. त्याच्याविषयी बोलले जात होते की, पत्रे वजनदार आहेत पण माणूस समोर आला की काहीच नाही. शिफारसपत्रांचीही चर्चा होती. म्हणजे आपण आज ज्याला स्पर्धा म्हणतो ती सर्व होती. तेव्हा पौल नाइलाजाने आपला बायो-डाटा लिहून काढतो, आणि काय लिहितो? पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्या, तीन वेळा फुटलेले तारू. यादीच्या शेवटी तो सांगतो की, दिमिष्कात मला पाटीत बसवून भिंतीवरून खाली सोडण्यात आले. रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर प्रथम चढणाऱ्या सैनिकाला सोन्याचा मुकुट देत असत. त्या जगातल्या वाचकाला हा माणूस आपण तटावरून टोपलीतून उतरलो हे कौतुकाने सांगतो, हे वाचून हसू आले असेल. यायलाच हवे होते.

आणि मग बाराव्या अध्यायात तो आपला नियम सांगतो. माझ्याकडे अधिक सांगण्यासारखे आहे, पण मी आवरतो. कारण कोणी माझ्यात जे पाहतो आणि माझ्याकडून जे ऐकतो, त्यापलीकडे त्याने मला लेखू नये. अस्सल प्रतिमेची याहून नेमकी व्याख्या मला कोठे आढळलेली नाही. तिचे माप समोरच्या माणसाच्या डोळ्यांत आणि कानांत आहे. उद्या तो मला कामावर पाहील, माझे ऐकेल, तेव्हा आज सांगितलेले त्याहून मोठे निघता कामा नये. ही व्याख्या गुण झाकावयास सांगत नाही. प्रभूने दिवा मापाखाली ठेवू नका असे सांगितले आहेच. त्याच डोंगरावर उपासाच्या वेळी चेहरा उतरवून बसणाऱ्यांविषयी तो बोलतो तेथे ग्रीकमध्ये एक श्लेष आहे. ते लोक आपले चेहरे दिसेनासे करतात, कशासाठी, तर आपण दिसावे म्हणून. हा श्लेष मराठीत जवळजवळ तसाच उतरतो, आणि असे भाग्य भाषांतरकाराच्या वाट्याला क्वचित येते. त्यांच्यासाठी प्रभूने वापरलेला शब्द तर ग्रीक रंगभूमीवरील नटाचाच आहे.

तरुणाच्या कागदावर आणखी एक गोष्ट होती, आणि तिच्याविषयी मी तितक्या ठामपणे बोलू शकत नाही. त्याच्या नावातील वडिलांचे नाव बायबलमधील आहे. वर्गातील शिक्षकांनी ते काढून केवळ आद्याक्षर ठेवावयास सुचवले होते; घरचे आडनाव मराठीच असल्याने पुढे काही कळण्याचा प्रश्न नव्हता. "उगाच कशाला अंकल, मुलाखतीत त्यावरच बोलणे सुरू होते," तो म्हणाला. हे असत्य आहे काय?

दानिएल आणि त्याच्या मित्रांनी बाबेलची नावे निमूटपणे घेतली. अन्नाच्या बाबतीत मात्र ते अडून बसले. एस्तेरने मर्दखयाच्या सांगण्यावरून आपले कूळ सांगितले नाही, आणि शास्त्राने तिला त्याबद्दल दोष दिलेला नाही. तिच्या मौनावर एक दिवस तिच्या सर्व लोकांचे प्राण अवलंबून राहिले, तेव्हा तेच मौन तिला मोडावे लागले. पेत्राचे अंगणातले प्रकरण निराळे. त्याला सरळ विचारले होते, आणि त्याच्या गालीली बोलीने तो आधीच ओळखला गेला होता. न सांगणे आणि नाकारणे यांत अंतर आहे, पण ते अंतर अंगणातल्या शेकोटीइतकेच असते.

आपल्यापैकी अनेकांची अडचण याहून कठीण आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. त्यामुळे मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, अशी घरे मी पाहिली आहेत. स्थिर पगाराच्या खुर्चीत बसून त्यांच्यावर दगड उचलण्याचे मला धैर्य नाही. दोन नावे ठेवणारा माणूस रात्री काय सोसतो ते मी ऐकले आहे. मात्र आमच्या सभांत या गोष्टीवर सर्वांनी मिळून जे मौन पाळले जाते, ते मला एस्तेरचे मौन वाटत नाही. तेथे एकेकट्या कुटुंबावर सारे ओझे टाकून आपण मंडळी म्हणून आपली प्रतिमा स्वच्छ राखतो.

नावाविषयी मी त्याला निर्णय दिला नाही. एवढेच म्हटले की, आद्याक्षर लिहिलेस तर लिही, पण कोणी विचारले की ते कशाचे, तर उत्तर आधीच ठरवून ठेव; त्या क्षणी ठरवू नकोस. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने स्वतःच वडिलांचे पूर्ण नाव लिहिले. "ते असते तर त्यांना वाईट वाटले असते," असे काहीसे तो पुटपुटला.

बाकीच्या कागदावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. चार भाषांच्या जागी मराठी, हिंदी व इंग्रजी लिहिता-वाचता येते आणि कन्नड बोलता येते, असे लिहिले. त्याची कन्नड मी रिक्षावाल्याशी बोलताना ऐकली आहे. उत्तम आहे, पण तिच्यात अर्ज लिहिता येणार नाही. नेतृत्वगुण गेले, त्या जागी कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याने चाळीस मुलांच्या सहलीचा हिशेब सांभाळून उरलेले पैसे परत वाटले, ही गोष्ट आली. ती त्याला सांगण्याजोगी वाटलीच नव्हती! नाहीसे झालेले वर्ष परत आणण्यास मात्र तो नाखूष होता. मी त्याला लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण दिले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या वर्षांतला आपला विरोध, सोवळेओवळे, चुका यांतले काहीही त्यांनी 'स्मृतिचित्रे'त झाकले नाही. ती वर्षे गाळून त्यांनी आपले चरित्र लिहिले असते तर ते कोणी वाचले असते काय? त्याने पुस्तक वाचलेले नव्हते, त्यामुळे माझा मुद्दा फारसा लागू पडला नाही. शेवटी त्याने लिहिले: वडिलांच्या आजारपणामुळे एक वर्ष शिक्षण बंद, त्या काळात रुग्णालय, औषधे व घरखर्च यांची जबाबदारी. लिहून झाल्यावर ती ओळ त्याने दोनदा वाचली.

शिफारसपत्रात मी त्याला किती वर्षे ओळखतो आणि त्याला काय करताना प्रत्यक्ष पाहिले आहे, तेवढेच लिहिले. पत्र आखूड झाले. त्याच सुमारास एका नियतकालिकाने माझ्या लेखासोबत छापण्यासाठी माझा परिचय मागवला होता. जुना मजकूर काढला तर त्यात 'हिब्रू व ग्रीकचे अभ्यासक' असे होते, कित्येक वर्षे तेच छापले जात आहे. मी तो बदलून लिहिले: ग्रीक वाचतात, शब्दकोश हाताशी असल्यास हिब्रू. जागेअभावी शब्दकोश तेवढा गाळावा लागला, असे संपादकांचे उत्तर आले.